रेसिंगसाठी कार्ब बनवून घ्यायचा आहे: बिल्डर कसा पारखायचा?

कृष्णाकाठ | ४ ऑगस्ट, रात्री ९:४०

मंडळी, नमस्कार.

माझ्याकडे १९९४ ची यामाहा आरएक्स १०० आहे. ती रस्त्यावर फिरवायची नाही असं ठरवून गेल्या वर्षी पूर्ण उघडली. ड्रॅगच्या (सरळ रेषेतल्या छोट्या शर्यतीच्या) टू-स्ट्रोक १३० सीसीपर्यंतच्या वर्गात उतरायचं आहे. सिलिंडरचं पोर्टिंग (आतल्या वाटा मोठ्या करणं) झालंय, एक्सपान्शन चेंबर (टू-स्ट्रोकचा फुगीर सायलेन्सर) बसलाय, क्रँकला नवीन बेअरिंग आहेत. आता घोडं अडलंय कार्बवर, म्हणजे हवा-पेट्रोल मिसळून मोटरला देणाऱ्या कार्बुरेटरवर. मूळचा मिकुनी व्हीएम २० (तोंड २० मिलिमीटरचं) वरच्या फेऱ्यांना मोटर उपाशी ठेवतो. ९ हजार आरपीएमच्या पुढे गाडी नुसती ओरडते, पळत नाही.

माझ्यापुढे तीन माणसं आहेत.

पहिला आमच्याच गावचा मिस्त्री. व्हीएम २० लेथला लावून २२ चा बोअर करून देतो म्हणाला. दोन दिवसांचं काम, १२०० रुपये.

दुसरा बाहेरगावचा बिल्डर. त्याचे व्हिडिओ भरपूर आहेत. 'आरएक्स स्पेशल २८' असा तयार कार्ब कुरियरने पाठवतो. साडेनऊ हजार, पैसे आधी.

तिसरा कोल्हापूरकडचा. फोनवर एवढंच म्हणाला, "गाडी घेऊन या, मग बोलू." किंमत विचारली तर सांगेना.

मला कार्बपेक्षा माणूस निवडणं अवघड जातंय. ज्यांनी असं काम करून घेतलंय त्यांनी सांगा: कुणाकडे जावं, आणि काम देताना काय काय ठरवून घ्यावं?

---

बुलेटराजे | ४ ऑगस्ट, रात्री १०:०२

एक्झॉस्ट पोर्ट (जळका वायू बाहेर जायची सिलिंडरमधली खिडकी) किती वर नेलाय? ते माहीत नसेल तर तिघांपैकी कुणीही अंदाजानेच काम करणार.

---

कृष्णाकाठ | ४ ऑगस्ट, रात्री १०:१५

@बुलेटराजे, पोर्टिंग ज्याने केलं त्याने माप लिहून दिलेलं नाही. सिलिंडर परत काढून डिग्री व्हीलने मोजतो.

---

प्राजक्ता_उद्यमनगर | ५ ऑगस्ट, सकाळी ७:२०

बाबांचं गॅरेज उद्यमनगरात आहे, बारा वर्षं मी तिथेच काम करते. आम्ही रेसिंगचे कार्ब बनवत नाही, पण बनवून आणलेले आणि मग बिघडलेले पुष्कळ येतात. त्यामुळे दुसरी बाजू मला जास्त दिसते.

दादा, तुम्ही बुलेटराजेंचं आधी ऐकलंत हे बरं केलंत. कार्ब एकटा काहीच करत नाही. त्याच्या पुढे रीड व्हॉल्व्ह (एकेरी झडप), त्याच्या पुढे पोर्ट, शेवटी चेंबर. चेंबरमधून परतणारी लाट कुठल्या आरपीएमला येते त्यावर कार्बमधून किती ओढ लागणार ते ठरतं. मग "आरएक्स स्पेशल २८" म्हणजे कुणाच्या आरएक्ससाठी स्पेशल? तुमचा चेंबर त्याने पाहिलेला नाही.

गेल्या पावसाळ्यात एक मुलगा असाच तयार कार्ब घेऊन आला. बाहेरून आरशासारखा चमकत होता. बफिंग इतकं सुरेख की हातात घ्यावासा वाटे. गाडी मात्र खालच्या फेऱ्यांना गुदमरायची आणि वर जाऊन कोरडी पडायची. खालची पेट्रोलची वाटी उघडली तर मेन जेटवरचा (जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारा पितळी तुकडा) नंबर कानशीने घासलेला. पायलट, म्हणजे खालच्या फेऱ्यांच्या, जेटवरचाही. म्हणजे जेट बदलायची वेळ आली तर आधी कुठला होता तेच कळू नये, गिऱ्हाईक परत त्याच्याकडेच यावं. भिंगातून पाहिलं तर मेन जेटचं भोक तारेने मोठं केलेलं, आत चरे, एका कडेला पितळेची कूस तशीच राहिलेली. भोक किती मोठं यावर जेटमधून जाणारं पेट्रोल ठरतंच, पण भोकाची कड कशी आहे यावरही ठरतं. असा जेट एका धावेला एक वागतो आणि दुसऱ्या धावेला भलतंच. त्या मुलाने दोन महिन्यांची कमाई घातली होती त्यात. मला अजून वाईट वाटतं.

म्हणून माझी पहिली अट हीच: जेटवर नंबर शाबूत हवेत, आणि सोबत एक कागद हवा. कागदावर मेन, पायलट, नीडल जेट, नीडलचा (थ्रॉटलबरोबर वर-खाली होणाऱ्या सुईचा) नंबर, क्लिप वरून कितव्या खाचेत, स्लाइडचा (थ्रॉटलच्या सरकत्या झडपेचा) कट किती, फ्लोटची उंची किती मिलिमीटर, हवेचा स्क्रू किती फेरे बाहेर. एवढं लिहून द्यायला दहा मिनिटं लागतात. जो देत नाही त्याने एक तर मोजलेलं नाही, किंवा तुम्हाला कळू द्यायचं नाही.

किंमत न सांगणारा तिसरा माणूस मात्र मलाही पटला नाही. गाडी पाहून सांगेन म्हणणं ठीक आहे, पण निदान "एवढ्यापासून एवढ्यापर्यंत" असं सांगता येतं.

---

पेठेतला_लेथवाला | ५ ऑगस्ट, सकाळी ११:४५

प्राजक्ताताईंशी जेटबद्दल शंभर टक्के सहमत. पण धाग्यात व्हीएम २० च्या बोअरबद्दल कुणीच बोललं नाही, ते मला मान्य नाही. नाना पेठेच्या मागच्या गल्लीत मी स्वतः कित्येक बोअर केलेत.

२० चा २२ म्हणजे दोनच मिलिमीटर असं वाटतं. क्षेत्रफळाचा हिशोब करा: ४०० ला ४८४, म्हणजे वाट २१ टक्के मोठी झाली. २४ चा घेतलात तर ४४ टक्के, आणि २८ चा घेतलात तर ९६ टक्के, जवळजवळ दुप्पट. ९८ सीसीच्या मोटरला दुप्पट तोंडाचा कार्ब लावला की हवेचा वेग पडतो, आणि वेग पडला की नीडल जेटमधून पेट्रोल नीट ओढलं जात नाही. वर पळेल, पण सुटतानाच खोकेल. ड्रॅगमध्ये पहिल्या वीस मीटरला खोकलात तर पुढचं सगळं फुकट.

बोअर करणाऱ्याला विचारायचे प्रश्न वेगळे. स्लाइडच्या खाचेशी भिंत किती उरते? बोअर मध्यावर धरण्यासाठी फिक्श्चर आहे की चकात अंदाजाने धरतो? आतला पृष्ठभाग गोल आहे की लंबगोल झालाय? शेवटचा प्रश्न व्हर्नियरने तपासता येतो, दोन दिशांनी मोजा.

शिवाय आपल्या वर्गाचे नियम आधी वाचा. काही ठिकाणी मूळ कार्बचं बॉडी बंधनकारक असतं. तसं असेल तर २८ चा वाद इथेच संपला.

---

फ्युएलइंजेक्टेड | ५ ऑगस्ट, दुपारी १:१०

एक प्रामाणिक प्रश्न. २०२० मध्ये प्रदूषणाचा बीएस-६ नियम आल्यापासून बहुतेक नव्या मोटरसायकलींवर कार्बऐवजी इंजेक्शन आलं. लॅपटॉप लावून मॅप बदलता येतो. मग पितळेच्या भोकांशी एवढी झटापट कशासाठी?

---

बुलेटराजे | ५ ऑगस्ट, दुपारी १:२२

कारण आरएक्स १९९६ ला बंद झाली आणि आमचं प्रेम नाही झालं.

---

मिशिगनचा_मावळा | ५ ऑगस्ट, रात्री ११:५०

मूळचा साताऱ्याचा, सध्या डेट्रॉइटजवळ. इथे मी शनिवार-रविवारी ब्रॅकेट रेसिंग (आधी सांगितलेल्या वेळेशी जुळवायची ड्रॅग) करतो, जुनी शेव्ही (शेव्हरोले), ३५५ घनइंचाची व्ही-८. कार्ब होली ४१५० धाटणीचा, चार बॅरलचा. @फ्युएलइंजेक्टेड, नॅसकारने (इथली मोटारशर्यतींची संस्था) २०१२ ला वरच्या मालिकेत इंजेक्शन आणलं, तरी खालच्या पातळीवरच्या मातीच्या ट्रॅकांवर आणि ड्रॅगस्ट्रिपवर कार्ब अजून जोरात आहे. कित्येक वर्गांत नियमच तसा असतो, उदाहरणार्थ फक्त ५०० सीएफएमचा (मिनिटाला इतके घनफूट हवा) दोन बॅरलचा होली ४४१२. तपासणीला लोक गेज घेऊन उभे असतात, कुणी व्हेंचुरी (कार्बचा अरुंद घसा) खरवडली आहे का ते पाहायला. त्यामुळे इथे कार्ब बनवणं हा स्वतंत्र धंदा आहे. एक माणूस आयुष्यभर तेवढंच करतो.

माझा अनुभव कृष्णाकाठ यांच्या कामी येईल असं वाटतं. पहिल्या खेपेला मी बिल्डरला फोन केला आणि थेट सांगितलं, ८५० सीएफएमचा हवाय. मित्रांनी तसंच सांगितलं होतं. त्याने हो-नाही काहीच म्हटलं नाही, दोन पानी फॉर्म पाठवला. मोटर किती घनइंच, कॉम्प्रेशन किती, कॅमचा ड्युरेशन आणि लिफ्ट, मॅनिफोल्ड कुठलं, गाडीचं वजन, मागचा गिअर रेशो, टॉर्क कन्व्हर्टर किती आरपीएमला पकडतो, स्लो स्पीडला व्हॅक्यूम किती इंच, पंपावरचं पेट्रोल की रेस फ्युएल की मिथेनॉल, ट्रॅक समुद्रसपाटीपासून किती उंच. शेवटचा प्रश्न सर्वांत आवडला: "सध्याच्या कार्बबद्दल तुमची तक्रार काय, तुमच्या शब्दांत लिहा."

मग त्याने माझ्यासमोर हिशोब मांडला. घनइंच गुणिले आरपीएम भागिले ३४५६. ३५५ गुणिले ७००० भागिले ३४५६ म्हणजे ७१९. तेही सिलिंडर प्रत्येक वेळी शंभर टक्के भरतो असं धरून. म्हणाला, "तुला ७५० पुरेल. ८५० घेतलास तर पैसे मला जास्त मिळतील, पण सुटताना गाडी तुला शिव्या देईल." जास्त पैशाचं काम त्याने स्वतः नाकारलं, तिथे माझा विश्वास बसला.

कार्ब आला तेव्हा सोबत तक्ता होता: जेट, एअर ब्लीड (हवेची बारीक भोकं), पॉवर व्हॉल्व्ह ६.५, ॲक्सिलरेटर पंपाचा कॅम, सगळं. आणि अट: पहिल्या तीन वेळा फक्त मेन जेट बदलायचे, एअर ब्लीडला हात लावायचा नाही, प्रत्येक धावेची नोंद त्याला पाठवायची. त्या नोंदींवरून त्याने महिन्याने दोन ब्लीड बदलून पाठवले, पैसे न घेता. ठरलेल्या रकमेत ते धरलेलंच होतं.

म्हणून माझं मत असं: कार्ब बाकावर निम्मा बनतो, उरलेला ट्रॅकवर. बिल्डर त्या दुसऱ्या निम्म्यात तुमच्याबरोबर असणार आहे का, हे आधी विचारा.

---

पेठेतला_लेथवाला | ६ ऑगस्ट, सकाळी ९:०५

@मिशिगनचा_मावळा, प्रतिसाद वाचनखुणेत ठेवला. पण एक ध्यानात असू द्या: तो ३४५६ चा हिशोब फोर-स्ट्रोकचा आहे, दोन फेऱ्यांत एकदा हवा घेणारा. आरएक्सला तो लावू नये. टू-स्ट्रोकमध्ये चेंबरची लाट सिलिंडर कसा भरायचा ते ठरवते, साध्या गुणाकाराने ते कळत नाही.

---

मिशिगनचा_मावळा | ६ ऑगस्ट, सायं. ५:३०

बरोबर, ते लिहायचं राहिलं. धन्यवाद. फॉर्मचा मुद्दा तेवढा घ्या, सूत्र नको.

---

तात्या_शोलावरम | ६ ऑगस्ट, रात्री ८:४०

हा धागा वाचून पन्नास वर्षांपूर्वीचं काय काय आठवलं. चेन्नईजवळ शोलावरमची जुनी धावपट्टी होती, युद्धकाळातली. इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक १९९० ला झाला, त्याआधी शर्यती म्हणजे शोलावरम. मी पुण्याहून मित्राबरोबर रेल्वेने जायचो, गाडी ब्रेकव्हॅनमध्ये. आमच्याबरोबर एक फिटरमामा असायचे. त्यांच्याकडे तपकिरीची पत्र्याची डबी होती, आत कापडाच्या घडीत जेट. ठरावीक आकाराचा जेट मिळायचा नाही, मग मामा जुन्या जेटचं भोक कथलाने बुजवत आणि बोटभर पिन-वाइसमध्ये बारीक ड्रिल धरून नवीन भोक पाडत. ड्रिल हाताने फिरवायचं, मशीनने नाही. प्रत्येक जेटच्या डोक्यावर ते सुईने रेघा ओढत: एक रेघ, दोन रेघा, तीन. वहीत रेघांपुढे धावेची वेळ लिहिलेली.

प्राजक्ता, तू कागदाचं म्हणालीस ना, तेव्हा मला त्या रेघा दिसल्या. तारेने आणि ड्रिलने काम तेव्हाही होत होतं, पण मामा लपवत नव्हते.

---

म्हापशेकार | ७ ऑगस्ट, सकाळी १०:१२

मी फसलो ते सांगतो, म्हणजे कृष्णाकाठभाऊंचा पिस्टन तरी वाचेल.

माझी गाडी घाटावरच्या एका बिल्डरने तिथेच ट्यून केली. पुण्याची उंची साधारण ५६० मीटर. तिथे मे महिन्यात दुपारी गाडी काय सुरेख पळाली. मी गोव्यात आणली, समुद्रसपाटीवर, डिसेंबरात, सकाळी आठला. तिसऱ्या धावेला तिसऱ्या गिअरमध्ये मागचं चाक एकदम धरलं. क्लच ओढला म्हणून वाचलो. पिस्टनच्या एक्झॉस्टच्या बाजूला वरपासून खालपर्यंत ओरखडे, रिंग खाचेतच चिकटलेली.

नंतर कळलं. खाली हवा दाट, त्यातून थंडी. ३० अंशांवरून २० वर आलं तरी हवा साधारण साडेतीन टक्के दाट होते, उंचीचा फरक आणखी पाच-सहा टक्के. हवा वाढली, जेट तोच, म्हणजे मिश्रण लीन, पेट्रोल कमी. टू-स्ट्रोकला तेल पेट्रोलबरोबरच येतं, तेव्हा लीन म्हणजे उष्णता जास्त आणि तेल कमी, दोन्ही एकदम.

बिल्डरला फोन केला तर "माझ्याकडे बरोबर पळत होती" एवढंच. खरं होतं ते. पण गाडी कुठे पळणार हे त्याने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. तुम्ही सांगा. कुठल्या गावात, कुठल्या महिन्यात, किती वाजता.

---

कृष्णाकाठ | ७ ऑगस्ट, रात्री ९:३०

@म्हापशेकार, अंगावर काटा आला. सुखरूप आहात हे महत्त्वाचं. मला चेन्नईलाच जायचंय, म्हणजे तुमचीच गोष्ट माझी झाली असती.

सिलिंडर काढून मोजला. क्रँकच्या फेरीत एक्झॉस्ट पोर्ट १९२ अंश उघडा राहतो, ट्रान्सफर पोर्ट १२८. दुसऱ्या बिल्डरला हे आकडे पाठवले. उत्तर आलं: "काही फरक पडत नाही, सगळ्यांना हाच चालतो." तो माझ्यापुरता संपला.

---

बुलेटराजे | ७ ऑगस्ट, रात्री ९:४१

नाद खुळा! साडेनऊ हजार वाचले.

---

प्लगवाचक | ८ ऑगस्ट, दुपारी १२:००

जेट निवडायला शेवटी प्लगच लागतो. नवा प्लग, पूर्ण थ्रॉटल, अंतिम रेषेवर एकदम इग्निशन बंद आणि क्लच आत, गाडी तशीच ढकलत आणायची. मग प्लग कापून चिनीमातीच्या बुडाशी, जिथे ती धातूला भिडते, तिथली कडी पाहायची. वरचं टोक पाहून काही कळत नाही. जो बिल्डर टोक पाहून "मस्त, चॉकलेटी आहे" म्हणतो त्याच्यापासून लांब राहा.

---

डायनो_सर | ८ ऑगस्ट, दुपारी ३:४५

@प्लगवाचक, पद्धत बरोबर, पण आजच्या पेट्रोलला प्लग पूर्वीसारखा रंग धरत नाही. शिसं गेलं, आता २० टक्के इथेनॉल आलं. मी रंगावर विसंबत नाही, एक्झॉस्टच्या तापमानाचा प्रोब लावतो.

ई-२० चा मुद्दा या धाग्यात कुणी काढला नाही, तो मोठा आहे. शुद्ध पेट्रोलला पुरेपूर जळायला एका भागाला १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. वीस टक्के मिसळलं की आकडा साडेतेराच्या आसपास येतो. म्हणजे तेवढ्याच हवेला आठ-नऊ टक्के जास्त इंधन हवं. जुन्या पेट्रोलवर बसवलेला जेट ई-२० वर लीनच पडणार. बिल्डर कुठल्या पेट्रोलवर ट्यून करतो ते विचारा, आणि शर्यतीला तेच वापरा. धाव झाली की वाटी रिकामी करा. इथेनॉल पाणी ओढतं, महिनाभर तसंच ठेवलं तर आत पांढरी बुरशीसारखी भुकटी धरते.

वाइडबँड सेन्सरबद्दल (एक्झॉस्टवरून हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा) कुणी विचारेल म्हणून आधीच सांगतो: टू-स्ट्रोकमध्ये ताजं मिश्रण थोडं न जळताच चेंबरमध्ये जातं आणि तेलाने सेन्सर माखतो. आकडा तुलनेला ठीक, प्रमाण मानू नका.

---

प्लगवाचक | ८ ऑगस्ट, दुपारी ४:१०

प्रोबही लावा, पण तो फक्त तापमान सांगतो. डिटोनेशन (मिश्रणाचा बेलगाम स्फोट) झालं की प्लगच्या चिनीमातीवर बारीक चकचकीत ठिपके पडतात, ते कुठला प्रोब दाखवणार? मी दोन्ही वापरायच्या मताचा.

---

डायनो_सर | ८ ऑगस्ट, दुपारी ४:१८

यावर वाद नाही. ठिपके दिसले की मीही थांबतो.

---

एरंडेल_प्रेमी | ८ ऑगस्ट, रात्री १०:२५

थोडं विषयांतर. ई-२० वरून आठवलं: एरंडेल अल्कोहोलमध्ये छान मिसळतं, पेट्रोलमध्ये थंडीत वेगळं होऊन खाली बसतं. पूर्वीच्या रेसिंग तेलांना जो गोड वास यायचा तो त्याचाच. अजूनही कुठे तो वास आला की मी रस्ता बदलून त्या दिशेला जातो.

---

तात्या_शोलावरम | ८ ऑगस्ट, रात्री १०:४०

त्या वासासाठी मी हा धागा दहा वेळा वाचेन.

---

सील_तपासा | ९ ऑगस्ट, सकाळी ८:००

परत विषयावर. कुणाच्याही दारात जाण्याआधी मोटर प्रेशर टेस्ट करा. इनलेट आणि एक्झॉस्टला रबरी बूच, सायकलच्या पंपाने ६ पीएसआय हवा, पाच-सहा मिनिटं काटा हलता कामा नये. हलला तर साबणाचं पाणी लावून गळती शोधा.

मी सहा आठवडे एका चांगल्या माणसाला छळलं. थ्रॉटल सोडला तरी फेरे खाली येत नव्हते, कधी स्लो स्पीडला आपोआप चढायचे. त्याने चार मेन जेट बदलले, दोन स्लाइड बदलल्या, माझ्या शिव्या खाल्ल्या. शेवटी मॅग्नेटच्या बाजूचं क्रँक सील हवा ओढत होतं. साठ-सत्तर रुपयांचं सील. मी जाऊन माफी मागितली, त्याचे वाया गेलेले दिवस भरून दिले. बिल्डर पारखतो तसं आपणही त्याच्याकडे निरोगी मोटर न्यायला हवी.

---

प्राजक्ता_उद्यमनगर | ९ ऑगस्ट, सकाळी ८:३०

@सील_तपासा, हे लिहिलंत म्हणून मनापासून आभार. गॅरेजवाल्याच्या बाजूने असं क्वचित कुणी बोलतं. क्लचच्या बाजूचं सील गेलं तर मोटर गिअरचं तेल ओढते आणि पांढरा धूर येतो, तो निदान दिसतो तरी. मॅग्नेटच्या बाजूचं गुपचूप मारतं.

---

जेटमोजणी | ९ ऑगस्ट, दुपारी २:१५

काम देताना आणखी एक ठरवा: कार्ब कुठल्या कंपनीचा, आणि जेट त्याच कंपनीचे की नकली. मिकुनीच्या षटकोनी मेन जेटवरचा नंबर प्रवाहाचा असतो, केहिनचा भोकाच्या व्यासाचा, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. दोन्हीकडे १२० लिहिलेलं असलं तरी ते एक नाहीत. नकली संचात तर एकाच नंबरचे दोन जेट सारखे निघत नाहीत.

---

कृष्णाकाठ | २१ सप्टेंबर, रात्री ९:१५

मंडळी, सहा आठवड्यांनी येतोय. धागा वर आणल्याबद्दल क्षमस्व, पण शेवट सांगणं माझं कर्तव्य आहे.

आधी @सील_तपासा यांचं ऐकून प्रेशर टेस्ट केली. क्रँक ठीक होता, पण इनलेटच्या रबराला पकडीखाली केसाएवढी चीर होती. ते बदललं.

मग तिसऱ्या माणसाकडे गाडी नेली. छोटं दुकान, दारात आंब्याचं झाड, आत एकच बाक. त्यांनी चहा सांगितला आणि कार्बला हातही न लावता तासभर चेंबर मोजत बसले. पट्टीने प्रत्येक शंकूची लांबी घेतली, दोऱ्याने घेर घेतला, भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलं. मग विचारलं, कुठे पळवणार, कधी, तुमचं वजन किती, सुटताना किती फेऱ्यांवर क्लच सोडता. किंमत का नाही सांगितली हेही मी विचारलं. म्हणाले, "चेंबर पाहिल्याशिवाय २४ लागेल की २६ तेच माहीत नव्हतं. आकडा सांगितला असता तर नंतर तो खरा करायला तुमच्या गाडीत काहीतरी घुसडावं लागलं असतं." त्याच बैठकीत आकडा दिला: सात हजार दोनशे, त्यात ट्रॅकचे दोन दिवस धरून. निम्मे आधी, निम्मे धावल्यावर. प्राजक्ताताई, तुमची शंका मी त्यांना बोलून दाखवली. "बरोबर आहे त्यांचं, पुढच्या वेळी अंदाज तरी सांगत जाईन," म्हणाले.

मिकुनीचा व्हीएम २४ ठरला. २८ चं नावही काढू दिलं नाही.

मेन जेट १७० पासून सुरुवात, मुद्दाम मोठा. पहिल्या धावेला गाडी वर भकभकली. मग १६५, १६०, १५५. एका वेळी एकच बदल, दुसरं काही नाही. १५५ ला आवाज एकदम स्वच्छ आला, मला वाटलं झालं. त्यांनी प्लग कापला, भिंग लावलं आणि माझ्यापुढे धरला. चिनीमातीवर मिठाच्या कणासारखे दोन ठिपके. "आवाज गोड लागतोय ना? पिस्टन जायच्या आधी असाच लागतो." परत १६० लावला. नीडलची क्लिप वरून तिसऱ्या खाचेतून चौथ्या खाचेत नेली, सुटतानाचा खोकला तिथे गेला. दिवसअखेरीला व्हीएम २० पेक्षा ४०२ मीटरला तीन दशांश सेकंद कमी. सहाच्या सहा धावा एकमेकींच्या जवळ. मला त्या तीन दशांशांपेक्षा याचंच जास्त समाधान आहे.

कागद मिळालाय, सगळे नंबर आहेत. सोबत पितळेचे चार जादा मेन जेट, १६२.५ पासून १७५ पर्यंत, एका गोळ्यांच्या डबीत. झाकणावर त्यांच्या अक्षरात: "चेन्नई, सकाळ. १७० लावून सुरू करा. खाली या, वर जाऊ नका."

---

म्हापशेकार | २१ सप्टेंबर, रात्री ९:४०

हे झाकणावरचं वाक्य मला दोन वर्षांपूर्वी कुणीतरी लिहून द्यायला हवं होतं. भाऊ, जिंकून या.

---

पेठेतला_लेथवाला | २१ सप्टेंबर, रात्री १०:०५

जुन्या व्हीएम २० चं काय केलंत? टाकू नका. वर्गाचा नियम बदलला तर २२ चा बोअर मी करून देतो, फिक्श्चरवर, तुमच्यासमोर.

---

कृष्णाकाठ | २१ सप्टेंबर, रात्री १०:१२

कापडात गुंडाळून ठेवलाय, वाटी कोरडी करून. दिवाळीनंतर पुण्याला येतो.

---

तात्या_शोलावरम | २२ सप्टेंबर, सकाळी ६:५०

ती गोळ्यांची डबी बदलून पत्र्याची घ्या. प्रवासात प्लास्टिकचं झाकण उघडतं, आणि पिटमधल्या वाळूत पडलेला जेट सापडत नाही. माझ्याकडे मामांची एक आहे. पत्ता व्यनि करा, पाठवतो.